गोलातली जागा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. तोंडावर मी ‘अहो’च म्हणते, पण इथे सांगताना सरळ काशीराम म्हणणार आणि अरे-तुरेही करणार. इतकी वर्षं त्याचं ऐकून घेतलंय, एवढा हक्क झाला माझा.

काशीराम दहिसरचा. मूळ संगमेश्वराकडच्या एका वाडीतला. बाप गिरणीत कामाला आला, गिरणी बंद पडली तशी सगळी दहिसरला चाळीत येऊन राहिली. काशीराम साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये दिवसभर लेथवर उभा असायचा आणि वर्षभर वाट बघायचा ती जाखडीची. आमच्याकडे तिला बाल्या नाचही म्हणतात. ढोलकीवाला, झांजवाले आणि गाणारा बुवा मध्ये बसतात, आणि पायात घुंगरांचे चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती गोल धरतात. कमरेत वाकायचं, उसळायचं, गिरकी घ्यायची, आणि बुवा थांबेपर्यंत थांबायचं नाही. काशीरामचा बाप या गोलात नाचला, त्याच्या जागेवर काशीराम आला. दुसऱ्या कशाचा त्याने कधी गर्व केला नाही, पण त्या जागेचा केला.

मग आमची राहती चाळ पाडली आणि टॉवर उभा राहिला. सगळ्यांनी पेढे वाटले. मी त्या लिफ्टला आजही शिव्या घालते. चाळीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो. पाणी भरा, दूध आणा, संडासाला गॅलरीच्या टोकापर्यंत जा, विसरलेली कोथिंबीर आणायला पुन्हा जिना उतरा. आता नववा मजला, आणि बटण दाबलं की घर. त्याच सुमाराला मालकाने काशीरामला सुपरवायझर केलं, म्हणजे लेथवरून उठवून काचेच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसवलं. तिथे चहा येतो. चहाबरोबर खारी येते, खारी नसली तर समोसा. आणि रात्रीचं ताट मात्र लेथवर उभं राहणाऱ्या माणसाचंच राहिलं. आमटी उरली म्हणून भात घ्यायचा, मग भात उरला म्हणून आमटी घ्यायची.

वजन एका दिवसात चढत नाही, चोरपावलांनी येतं. आधी पँट अल्टर केली, मग नवी शिवली, मग शर्टाचं खालचं बटण लावायचंच सोडून दिलं. मी काही बोलले की म्हणायचा, “सुखी माणूस असाच दिसतो.”

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या जाखडी मंडळाचा कार्यक्रम होता, शाळेच्या हॉलमध्ये. बुवा आमचे अण्णा, काशीरामचे चुलत भाऊ. गळा गोड, जीभ कडू. अर्ध्या गाण्यात काशीरामचा दम तुटला. तो गुडघ्यावर हात ठेवून मध्येच थांबला, मागचा त्याच्यावर आदळला आणि गोल फुटला.

अण्णा माईकवरूनच म्हणाले, “काश्या, पुढल्या वर्षी तू मध्ये ये. बसून झांज वाजव. तुझ्या जागेवर माझा सुयोग नाचेल.”

लोक हसले. मला तो माईक अण्णांच्या घशात कोंबावासा वाटला. काशीराम खाली मान घालून चाळ सोडत बसला होता, आणि गाठ काही सुटत नव्हती.

घरी आल्यावर सगळा राग माझ्यावर. “तुझ्या हातचं खाऊन झालंय हे!”

“माझ्या हातचं मीही खाते,” मी म्हटलं. “मी आदळले का कुणावर?”

दुसऱ्या दिवसापासून त्याने उपास धरले. सोमवार, संकष्टी, एकादशी, काही सोडलं नाही. आमच्या माणसांना उपास म्हणजे कमी खाणं वाटतं. साबुदाण्याची खिचडी, तीत मूठभर दाण्याचं कूट, वर बटाटा आणि तूप. दुपारी रताळ्याच्या गोड फोडी, चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडू, संध्याकाळी केळ्याचं शिकरण. एवढं पोटात घालून साहेब सोफ्यावर आडवे, कारण उपासाने अंगात त्राण नाही! कमी करा म्हटलं की मी देवाच्या आड येते म्हणून बोंब. माघापर्यंत त्याने खिळा तापवून पट्ट्याला पार टोकाकडे नवं भोक पाडलं होतं. तरी म्हणत होता, “अजून गुण यायचाय.”

गुडघा धरला तेव्हा मी त्याला ओढत म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोमवारी काय काय खाल्लं ते विचारलं. त्याने अभिमानाने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“काका, हे उपास सोडा आणि साधं जेवा. वजन किती उतरवायचं ते नंतर बघू, आधी चढायचं थांबवा. एकदम मोठं काही करू नका. थोडं कमी खा, थोडं जास्त हला, पण रोज.”

बाहेर येऊन तो फणकारला, “कालची पोरगी! हिला काय कळतंय?”

मला कळलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात युद्ध सुरू झालं.

मोठं पातेलं मी माळ्यावर टाकलं आणि भात लहान पातेल्यात लावायला लागले. ताटात भाजी जास्त, कुळथाची पिठी जास्त. “भात कुठाय?” “पातेल्यात होता. संपला.” तो ताट सरकवायचा, मी उचलायला गेले की परत ओढून घ्यायचा. चहातली साखर न सांगता निम्मी केली. त्याने पहिल्या घोटालाच ओळखलं आणि कप सिंकमध्ये ओतला. दुसऱ्या दिवशी मी तसाच कप पुढे ठेवला. डब्याबरोबर भाजलेले चणे दिले, ते तो वर्कशॉपमध्ये वाटून टाकायचा. शेवटी मी मालकाच्या बायकोला फोन करून केबिनमधला समोसाच बंद करवला, तेव्हा भुकेने चणे खाल्ले. त्या दिवशी मला वैरीण म्हणाला. म्हणू दे!

लिफ्टमध्ये तो बरोबर असला की मी सातव्या मजल्याचं बटण दाबायचे, भाजीची पिशवी बाहेर ठेवायचे आणि जिन्याने चालू लागायचे. पिशवी तिथे सोडून जाववत नाही त्याला, कोकणातला माणूस. शिव्या देत दोन मजले चढून यायचा.

एका संध्याकाळी जेवताना आमचा आवाज इतका चढला की सोसायटीच्या सेक्रेटरीने इंटरकॉम लावला. चाळीत भांडण झालं की लोक दारात यायचे, बाजू घ्यायचे, चहा पाजायचे. इथे इंटरकॉम. माझं डोकं फिरलं.

“भांडायचंय ना तुम्हाला? खाली चला. रस्ता काही सेक्रेटरीच्या बापाचा नाही.”

तोही तावात होता, आला. नदीच्या पुलापर्यंत आम्ही भांडत गेलो आणि भांडतच परत आलो. भात झाला, अण्णा झाले, सासूबाई झाल्या, माझ्या भावाच्या लग्नात याला पहिल्या पंगतीला बसवलं नव्हतं तेही झालं. घरी पोचलो तरी संपलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी जेवल्यावर पुन्हा खाली. फिरायला चला म्हटलं असतं तर हा जन्मात आला नसता; ‘मी काय पेन्शनर आहे?’ म्हणाला असता. भांडायला मात्र रोज चपला घालून तयार. पहिल्या दिवसांत पुलावर उभं राहून धापा टाकायचा आणि मग उत्तर द्यायचा. पावसाळ्याच्या तोंडाला तो चालता चालता माझ्यावर ओरडू लागला, एका दमात.

वजन फार उतरलं नाही, खोटं कशाला सांगू? काटा थोडा खाली आला आणि तिथेच राहिला. पण वर गेला नाही, आणि गुडघा बोलायचा थांबला.

यंदा सरावाला तो गेला आणि सुयोगच्या पुढे जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला. अण्णा म्हणाले, “नाच की. पण बारीत गाणं संपायच्या आधी थांबलास तर चाळ सोडायची आणि मध्ये बसायचं, कायमचं. कबूल?”

“कबूल,” काशीराम म्हणाला. सगळ्या मंडळासमोर.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. पहिली गाणी निभावली. शेवटच्या गाण्याला अण्णांचा डाव माझ्या लक्षात आला. धृपद संपवायलाच तयार नव्हते. पुन्हा, पुन्हा, दर वेळी जास्त जलद, आणि ढोलकीवाल्याला हाताने ‘वाढव, वाढव’. गोलातली तरणी पोरं लाल झाली. काशीरामचा सदरा पाठीला चिकटला होता, तोंड उघडं पडलं होतं. पाय तालात होता, पण डोळे माझ्या ओळखीचे होते, गेल्या वर्षीचेच. मी खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांदेखत ओरडले, “अहो, थांबलात तर घरी येऊ नका!”

त्याने माझ्याकडे असं रागाने बघितलं की बस. आणि पुढची गिरकी घेतली. तिच्या पुढचीही घेतली.

अण्णांनी पुन्हा धृपद उचललं आणि त्यांचा आवाज फाटला. खोकला आला, तो थांबेना. माईक बाजूला झाला, पाण्याची बाटली हुडकत हात जमिनीवर फिरला. ढोलकी अडखळली, थांबली. गोल थांबला. काशीराम आपल्या जागेवर धापा टाकत होता.

अण्णा पाणी प्यायले. बसक्या आवाजात म्हणाले, “झालं रे काश्या. बस आता.”

“बसलायस तू, अण्णा,” काशीराम म्हणाला. “मी उभा आहे.”

आणि पडदा पडेपर्यंत तो तिथून हलला नाही.