आईच्या गळ्यातली थोरली

लेकीच्या शब्दकोशात आज ‘लाइकनेस’ हा शब्द पाहिला. अर्थ साधाच होता, साम्य किंवा सारखेपणा. खाली मात्र लिहिलं होतं की हा ज्या जुन्या शब्दापासून आला, त्याचा अर्थ शरीर, कधी कधी मेलेलं शरीर. ते वाचलं आणि मी शिरूर कासारच्या आमच्या ओसरीवर जाऊन पोचले.

संक्रांतीची दुपार होती. शेजारची काकू वाण घेऊन आली. तिनं कुंकवाचं बोट आधी आईच्या गळ्यातल्या चांदीच्या टाकाला लावलं, मग आईच्या कपाळाला. आई ही दादांची दुसरी बायको. वारलेल्या पहिलीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडची रीत. सोनारानं ठोकलेली नखाएवढी बाई होती ती, डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठिपके.

“आये, थोरली अशीच दिसायची का गं?” मी विचारलं.

“मला कावून इचारतीस? म्या कुठं बघितलंय तिला?” टाक पदराखाली सारत आई म्हणाली. “पर लई जड हाय.”

एवढीशी चांदी आणि म्हणे जड! मला हसू आलं होतं.

आई गेली तेव्हा तिला शेवटची अंघोळ घालताना तो टाक मीच काढला. पाणी कोमट होतं, त्यामुळंच असेल. आईचा गळा गार पडला होता, आणि माझ्या मुठीत थोरली अजून उबदार होती.