मागावरचं बोलणं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी ताणून बांधणं. संध्याकाळचा चहा झाला होता. तिनं पिशवी धरली, मी दोरा गुंडाळून गाठ मारली. जन्मभर मागावर तुटलेले धागे जोडलेत, माझी गाठ सुटत नाही. मग तिनं वर चिमूटभर रवा टाकला, तोंड जवळ नेलं आणि जोरात "होऽऽ" केलं. रवा टणाटण उडाला.

"बघितलासा? आवाज दिसला!" ती म्हणाली. आवाज जणू तिनंच शोधून काढला होता.

मी म्हटलं, "रवा वाया घालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासताना तिच्या छातीत कळ आली. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

डबा बालवाडीच्या पोरांसाठी होता. वडगावातले माग एकेक करून बंद पडले तेव्हा मी घरी बसलो आणि ती गल्लीच्या टोकाच्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, एवढंच काम. पण शिकवणारी बाई बैलहोंगलकडची, बोलणार कन्नड, आणि पोरं घरात मराठी बोलणारी. म्हणून बाई सांगायची आणि आमची ही ते मराठीतून पोरांना समजवायची. असं करता करता शिकवायचं काम तिच्याकडंच आलं.

आवाजाचा पाठ आला तेव्हा तर ती वेडीच झाली. घरी येऊन सगळं आधी माझ्यावर करून बघायची. गळ्याला बोटं लावा, 'आ' म्हणा, थरथरतंय का बघा. ती थरथर हवेतून जाते, कानात पातळ पडदा असतो तो हलतो, म्हणून ऐकू येतं. चमच्याला सुतळी बांधून सुतळीची दोन टोकं माझ्या दोन्ही कानांत कोंबली आणि चमचा टेबलावर आपटला. देवळातल्या घंटेगत आवाज आला. मला, निम्म्या बहिऱ्याला, आला.

"कानात आत बारीक केस असत्यात म्हणं," तिनं सांगितलं. "मागाच्या खटखटीनं तुमचं ते झडल्यात."

"डोक्यावरचंबी झडल्यात. ते कुठल्या खटखटीनं?"

"ते माझ्या," ती म्हणाली.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

आता मागावरच्या बोलण्याचं सांगतो. आम्ही दोघं एकाच शेडात होतो. मी माग चालवायचो, ती कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळायची. बत्तीस माग एकदम चालत असले की बोंब मारली तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून मागावरची माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसता शब्दाचा आकार करायचा. सगळेच बोलायचे. पण आमचं दोघांचं त्याहून पुढं गेलं होतं. अर्धा शब्द, एक भुवई, झालं काम. मालक समोर उभा असताना ती त्याला शिव्या द्यायची आणि मला हसू आवरायचं नाही. लग्नाच्या मांडवात पलीकडच्या पंगतीतून मला दटावायची, तिसरी जिलेबी नको. माझी आई जिवंत होती तोवर घरात आम्ही नवरा-बायको म्हणून बोललो ते असंच, तिच्या पाठीमागं. संकेश्वरला दिलेल्या लेकीलासुद्धा हे येत नाही. ती लहानपणी विचारायची, "काय बोलताय?" आम्ही सांगितलं नाही. ते आमचं होतं.

एक दिवस मी बालवाडीत घराची किल्ली द्यायला गेलो. ती दाराकडं पाठ करून बसली होती. समोर पंधरा पोरं तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. चिडीचूप. चार वर्षांची पोरं इतकी गप्प मी कधी बघितली नव्हती. तिचं डोकं हलत होतं, हात हलत होते, आवाज नाही. मग पंधराच्या पंधरा पोरांनी मान उचलून माझ्याकडं बघितलं आणि हसली. तोंडं उघडून, पोट धरून, आवाज न काढता हसली.

माझं अंग पेटलं. माझ्या ताटातलं माझ्यासमोर कुणी उचलून खावं तसं झालं.

घरी आल्यावर विचारलं, "काय सांगत होतीस त्यास्नी?"

"आवाजाबिगर बोलता येतंय का, असं बाईनं विचारलं. मी दाखवलं."

"माझ्याकडं बघून का हसली?"

"तुमास्नी काय करायचंय? तुमी काय बालवाडीत हाय व्हय?"

"ते बोलणं आपलं हाय."

"मग? टरंकेत घालून कुलूप लावू?"

"लाव."

ती हसली आणि भाकरी थापायला बसली. काय सांगितलं ते सांगितलं नाहीच.

तिथनं पुढं मी रोज अकरा वाजता बालवाडीसमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागलो. मी दिसलो की ती मुद्दाम पाठ करायची. पोरं बघायची, हसायची. घरात ती चुलीपाशी बसून ओठांनी काही विचारायची, तर मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचो. पंधरा-वीस दिवस असेच काढले. शेंबड्या पोरांवर जळणारा म्हातारा. हसायचं तर हसा. पण चाळीस-बेचाळीस वर्षं जे एकाच माणसाशी बोललात ते तिनं गल्लीत वाटलं, आणि वर तुमच्याविषयी त्यात काय बोलते तेच तुम्हाला कळू नये, म्हणजे मग समजेल.

तो डबा बांधला त्या संध्याकाळीसुद्धा मी फुगलेलाच होतो. रव्याचं निमित्त.

ती गेली त्या रात्री शेजारची आक्का जेवण घेऊन आली. आमच्याकडं मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. ती लेकीला म्हणाली, "तुज्या आयनं पोरास्नी शिकवलं ते आप्पासाठीच गं. आपल्यामागं ह्यास्नी बोलायला कुणीतरी पायजे म्हणून." लेक रडायला लागली. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. तिला मरायचं हाय हे तिला माहीत नव्हतं. तिला पोरं आवडायची आणि मला चिडवायला आवडायचं, एवढंच त्यात होतं. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं. ती माझ्याविषयी जे बोलली ते पंधरा जणांकडं हाय आणि माझ्याकडं न्हाय. आणि चार वर्षांची पोरं किती दिवस लक्षात ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्षा सावडायला जायचं होतं. घर माणसांनी भरलेलं. लेक म्हणाली, "आप्पा, पाणी तापलंय, आंगूळ करा." मी तसाच अनवाणी बाहेर पडलो आणि गल्लीच्या टोकाला गेलो.

सुतकातला माणूस उंबऱ्यात बघून बाई दचकून उठली. तिचे डोळे सुजले होते. "अज्जा, याक बंद्री?" म्हणजे, का आलात. मी सरळ पोरांकडं वळलो. पोरं भिंतीकडेनं बसली होती. लाल रिबिनीची एक पोरगी उठून माझ्यासमोर आली आणि तिचे ओठ हलायला लागले. पण खिडकी तिच्या पाठीमागं होती. तोंड काळं दिसत होतं, शब्द लागेना. शेडात ज्याला बोलायचं असेल तो आधी उजेडाकडं वळायचा. एवढं तिनं यांना शिकवलं नव्हतं.

मी खाली बसलो. पोरीचे खांदे धरून तिला खिडकीकडं फिरवलं आणि ओठांनी विचारलं, आज्जी माझं काय सांगायची?

तिनं थोडा विचार केला. मग ओठ हलवले. आप्पा फुगल्यात. आणि दोन्ही गाल फुगवून दाखवले. ते बघून मागच्या सगळ्या पोरांनी गाल फुगवले.

आणि? मी विचारलं.

तिला एवढंच ठाऊक होतं. तिच्या शेजारच्या पोराला उजेडाकडं वळवलं. तो म्हणाला, आप्पा झोपेत गाणं म्हणत्यात. हे मला माहीत नव्हतं. त्याच्या पुढचीला वळवलं. दारात लेक येऊन उभी होती, हाका मारत होती, माणसं खोळंबल्यात म्हणत होती. तिला हातानं थांब म्हटलं आणि पुढच्या पोराचे खांदे धरले.