पाणी कोणी मारायला सांगितलं

वितळलेल्या ॲल्युमिनियमवर क्लोरीन सोडला की वाफ उठते आणि थंड टाकीच्या भिंतींवर ॲल्युमिनियम क्लोराइडचा थर धरतो. तात्या तो बावीस वर्षं हातोडीने ठोकून पाडत होते. नव्या साहेबाला घाई झाली. त्याने तात्यांच्या मेहुण्याला थरावर पाणी मारायला लावलं. आम्लाचा धूर उसळला आणि मेहुण्याचे डोळे गेले. अहवालात कारण आलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’

“साक्षीदार म्हणून सही करा, तात्या. उगाच ताणू नका,” साहेब म्हणाला.

“तुमचा हुकूम मी या कानांनी ऐकलाय. आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत, साहेब. वाचता येतं मला.”

तात्यांनी ‘कामगाराचा’ हा शब्द खोडला, वर साहेबाचा हुद्दा लिहिला आणि मगच सही ठोकली.