विशाखाच्या शेंगोळ्यांचं माप

माझ्या बायकोची एकही गोष्ट मी ती जिवंत असताना वाचली नाही.

आज सगळ्यांसमोर लिहून टाकतो. सकाळपासून मेसेज येतायत, "भाऊ, तुम्ही विशाखाताईंच्या पाठीशी खंबीर उभे होतात."

कसलं डोंबलाचं उभं. मी खुर्चीत बसून चहा मागत होतो.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

ती वडगावला शाळेत विज्ञान शिकवायची आणि विज्ञानकथा लिहायची. मी रेल्वेत सिग्नलला होतो, आता रिटायर. लोणावळ्यात दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नाही.

शाळेतून आली की कुकर लावायची आणि शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभी राहून लिहायची. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला. कागदांना हळदीची बोटं लागलेली असायची. चार पुस्तकं तिनं अशी उभ्यानं लिहिली.

पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा तिनं ते माझ्या हातात दिलं होतं.

मी म्हणालो, "अवकाशयानं, ग्रह वगैरे आपल्याला नाय कळत बाई. तू जेवायला वाढ."

ती हसली. जेवायला वाढलं. त्यानंतर पुस्तक कधी माझ्या हातात दिलं नाही, आणि मला वाटलं, चला, विषय मिटला.

ती गेल्यावर कॉलेजातली एक मुलगी भेटायला आली होती. म्हणाली, "काका, चंद्रावर राहायला गेलेल्यांनी वैशाख पौर्णिमा कशी पाळायची, ती गोष्ट मी माझ्या आजीला वाचून दाखवली. आम्ही दोघी रडलो."

मी सगळं माहीत असल्यासारखी मान हलवली.

दर पौर्णिमेला आम्ही दोघं विहारात जायचो. येताना ती वर बघत चालायची आणि मी तिला माझ्या ड्युटीच्या तक्रारी सांगायचो. तिच्या डोक्यात काय चाललंय, हे विचारावंसंही कधी वाटलं नाही.

तर, आजचं सांगतो.

पुण्यानुमोदनाचं जेवण बाहेरून मागवू, असं मेहुणा म्हणत होता. मी म्हटलं, नाही. मी स्वतः शेंगोळे करणार. हुलग्याचं पीठ मळून, हातावर वळून, लसणाच्या रश्शात शिजवलेले. विशाखाच्या माहेरचे, वडिवळ्याचे. तिच्या हातचे खाऊन माणसं बोटं चाटायची.

पण कृती कुठंय? सगळे डबे, ड्रॉवर धुंडाळले. शेवटी तिच्या शाळेतल्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "अहो, तिसऱ्या पुस्तकात आहे की. एका गोष्टीत मापासकट दिलंय तिनं."

पुस्तक काढलं. ते पान सापडलं. लांबच्या कुठल्यातरी ग्रहावरचा तळ, तिथली स्वयंपाकीण शेंगोळे वळतेय. पीठ किती, लसूण किती, तिखट किती, मीठ किती, सगळं नीट लिहिलेलं.

मी तेवढं एकच पान वाचलं.

आयुष्य सिग्नलमध्ये गेलेला माणूस मी. पुस्तकात लिहिलंय तसंच करायचं, त्यात काडीचा फरक नाही. तसंच केलं.

दुपारी बुद्धवंदना झाली. दहा-बारा माणसं जेवायला बसली. सगळ्यांनी पहिला घास घेतला.

मेहुण्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, बहिणीची आठवण आली.

मग मी घास घेतला. तोंडाची आग आग झाली. मीठ तर विचारू नका.

बिचारे खाली मान घालून खात राहिले. एखाद्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी सासूबाईंनी ताट बाजूला सरकवलं. ऐंशी उलटलेल्या, अक्षरओळख नाही.

"जावईबापू, बुकातलं माप घेतलं व्हय?"

"हो, मामी."

"आवो, ते आभाळातलं माप हाय. तितं जिबंला चव लागत न्हाई, म्हून त्या बाईनं तिखटमीठ तिप्पट केलंय. गोष्टीत आदुगरच येतंय की ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माजी पोर लिवायच्या आदी समद्या गोष्टी मला सांगायची. फोन करून सांगायची." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमाला ही न्हाई सांगितली?"

मी रश्शात पाणी घालतो म्हणून आत गेलो.

चारपर्यंत सगळे गेले. चष्मा लावला आणि ती गोष्ट पहिल्या पानापासून वाचली.

त्या तळावर एक सिग्नलवाला आहे. तिरसट. मान वर न करता चहा मागतो. स्वयंपाकीण चुलीशी उभी राहून रोज काहीतरी लिहीत असते आणि हा बाजूनं जातो, येतो. विचारत नाही. पानामागून पानं जातात, तरी विचारत नाही. मीच वैतागलो त्याच्यावर. अरे गाढवा, विचार की तिला.

शेवटच्या पानावर तो थांबतो. म्हणतो, "काय लिहितेस?"

गोष्ट तिथंच संपते.

तो माणूस तिनं घरातूनच उचललाय, हे मलाही कळलं. त्याचा प्रश्न मात्र तिला स्वतःच लिहावा लागला.

दोन शब्दांचं काम होतं. सत्तावीस वर्षं ती माझ्यापासून चार पावलांवर उभी होती. आता मी ओट्याकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं, आणि घरात कुणी नाही.

विशाखा, चुकलो गं. तुला वंदन.