दोन्ही हात कामात

मी कृषी सहायक आहे. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून फोटो काढायचे आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे, यातच माझी निम्मी नोकरी जाते. फोटो नसेल तर केलेलं कामही धरत नाहीत. त्यातून रविवारही सुटत नाही. बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'टेन्शन घेऊ नका.' मी कुठं घेत होते? ते आपोआप मोबाइलवर येत होतं.

त्या रविवारी मी पोखर्णीला भावाच्या शेतात हुरडा खायला गेले होते. भावानं आगटीतून भाजलेलं कणीस काढून माझ्या हातावर ठेवलं आणि पिशवीतला मोबाइल वाजला. साहेबांचा फोन होता. भावजयीनं उचलून स्पीकरवर टाकला.

'ताई शेतात हायेत, हुरडा खायल्यात,' ती म्हणाली.

'शेतातच आहेत ना? मग आजूबाजूच्या चार शेतांचे फोटो टाकायला सांगा.'

कणीस गरम असतानाच तळहातावर चोळावं लागतं, गार झालं की दाणे नीट सुटत नाहीत. मी चोळता चोळताच फोनकडे तोंड केलं. 'साहेब, माझे दोन्ही हात कामात आहेत. उद्या ऑफिस उघडलं की मोकळे होतील.'

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. 'काल एवढं कसलं काम होतं?'

मी दोन्ही तळहात त्यांच्या टेबलावर उघडे ठेवले. रेषांमधला भाजलेल्या कणसाचा काळा डाग अजून गेला नव्हता.

'हे,' मी म्हणाले. 'आणि पुढच्या रविवारी पण आहे.'