लचकलेल्या मनगटाची करामत

छापवाल्या काकू काळ्या टीशर्टवर पांढरी अक्षरं छापायच्या, त्या दात-ओठ खाऊनच. अकरा वर्षं त्यांनी छपाईच्या जाळीदार स्क्रीनवरून रंग पसरवायची रबरी पट्टी अंगातला सगळा जोर लावून ओढली, तरी पांढरा रंग करडाच उमटायचा आणि काका रंगवाल्याच्या नावाने खडे फोडायचे. आज काकूंचं मनगट लचकलं, म्हणून बँडेज बांधून त्यांनी पट्टी नुसती हलकेच ओढली, रंग हीटरखाली सुकवला आणि तशीच पुन्हा एकदा ओढली. अक्षरं डोळे दिपवतील इतकी पांढरी उमटली.

“अहो, धावत या. आपण दाबून दाबून रंग कापडात जिरवत होतो, तो वर बसायला हवा.”

काका आले ते बाह्या सरसावूनच. काकूंनी त्यांना थांबवलं, स्वतःचं बँडेज सोडलं आणि काकांच्या धडधाकट मनगटावर करकचून बांधलं.