वहिनीच्या रिपोर्टची शेवटची ओळ

मंडळी, आज सकाळी डोंबिवलीत एका डॉक्टरांशी भांडून आलोय.

आमची वहिनी गेले आठ महिने जिना चढताना मध्येच थांबते. विचारलं की म्हणते, "पिशवी जड होती हो, भाऊजी." मी पाण्याचे पंप दुरुस्त करणारा माणूस, दम कुठे लागतोय ते मला ऐकू येतं. म्हणून आज तिची फाइल काढून बसलो. आठ महिन्यांपूर्वीचा हृदयाच्या तपासणीचा, टूडी इकोचा रिपोर्ट सापडला. शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिलेलं, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत दाब वाढल्याची शंका आहे, तज्ज्ञांना दाखवा.

तिला घेऊन तडक फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "वाचलं होतं मी. म्हटलं, आधी वजन कमी करून बघू. उगाच घाबरल्या असत्या."

"घाबरायचं की नाही ते तिला ठरवू द्या ना, डॉक्टर."

वहिनी मलाच दटावत होती, "भाऊजी, वीस वर्षांपासूनचे डॉक्टर आहेत आपले. त्यांना वाईट वाटेल."

तज्ज्ञांसाठीची चिठ्ठी त्यांनी दोन मिनिटांत लिहिली. ठाण्याची अपॉइंटमेंट परवाची मिळालीय. मधल्या आठ महिन्यांत आत काय बिघडलं, ते तेव्हा कळेल.

डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून तुमच्या घरी कोण गप्प बसलंय?